किनाऱ्यावर अंथरलेली गोधडी

माझा आत्म्यावर विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कोणी मला बुवाबाजीच्या नादी लागलेली समजायला नको. आमचे बाबा नागपूरच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. घरात देव्हारा नाही, ताईत नाही, दृष्ट काढणं नाही. समोरच्या काकू पितृपक्षात गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघत बसायच्या, तेव्हा बाबा आम्हा दोघा भावंडांना खिडकीशी उभं करायचे. "बघा रे," म्हणायचे, "म्हातारा जिवंत होता तेव्हा त्याला कोणी चहा विचारला नाही. आता कावळ्याला आमंत्रण!" मी आणि भूषण पोट धरून हसायचो.

भूषण म्हणजे बुद्धभूषण, माझा धाकटा भाऊ. लहानपणी महाबिलंदर. संध्याकाळी खेळायला गेला की घरी यायचं नाव नाही. आई दारातून हाका मारून थकायची, बाबा ओरडायचे, हा ढिम्म. मग मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन खच्चून ओरडायची, "भूषण्याऽऽ, घरी ये!" की स्वारी धुळीने माखलेली, मुकाट्याने माझ्या मागे. का, ते विचारू नका. आमच्याकडे राखी नव्हती, भाऊबीज नव्हती, बाबांनी सगळं बंद केलेलं. पण माझ्या हाकेला तो यायचा, एवढं होतं.

तो अमेरिकेत आला त्र्याण्णव साली, सॉफ्टवेअरच्या कंपनीतून, जर्सी सिटीला. तिथे एक हिवाळा काढला आणि मला फोन, "ताई, इथे माणसं नाही राहत, पेंग्विन राहतात. मी तुझ्याकडे येतो." मी आणि माझा नवरा सुभाष तेव्हा लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कार्सन गावात घर घेऊन होतो. याने खरंच इकडचं कॉन्ट्रॅक्ट मिळवलं आणि आला. त्याला थंडी सहन व्हायची नाही आणि स्वेटरही सहन व्हायचा नाही, टोचतो म्हणे. आईने हाताने विणून पाठवलेला हिरवा स्वेटर आमच्या दाराजवळच्या खुंटीला लटकलेला असायचा. बाहेर निघाला की मी म्हणायची, "स्वेटर घे." हा टी-शर्टवर पळायचा.

पंच्याण्णवच्या जानेवारीत मोठं वादळ होऊन गेलं. दुसऱ्या दिवशी रविवार. ऑफिसच्या दोन मित्रांबरोबर हा सॅन पेड्रोच्या खडकाळ किनाऱ्यावर लाटा बघायला गेला. एका खडकावर उभा राहिला, फोटो काढ म्हणाला, मित्राने कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागून लाट आली. बस. हेलिकॉप्टर फिरलं, बोटी फिरल्या, मग त्यांनी सांगितलं की शोध थांबवतोय. काहीच सापडलं नाही. त्याच्या पायातला बूटसुद्धा नाही.

मी रडले नाही. आईला कळवायचं होतं, तिचा व्हिसा करायचा होता, त्याचं सामान आणायचं होतं. कामाला लागलं की रडायला उसंत मिळत नाही, आणि मला उसंत नकोच होती.

आई मार्चमध्ये आली. एअरपोर्टवर मी तिला मिठी मारली तर ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती, तो आलाय का म्हणून. गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य काय? "पोहता येतं त्याला. अंबाझरी तलावात शिकला होता." आम्ही तिला तो किनारा दाखवायला नेलं, तर नेमकी हवा स्वच्छ, समुद्रात लांब कॅटलिनाचं बेट दिसत होतं. आईने बोट दाखवलं. "तिथे बघितलं का?"

"बघितलं आई. सगळीकडे बघितलं."

"नीट नसेल बघितलं," आई म्हणाली.

तेव्हापासून तिने एकच धरलं. भूषण सापडेपर्यंत मी परत जाणार नाही. रोज त्याच्यासाठी ताट झाकून ठेवायची. स्वतः दोन घास खाऊन उठायची. हाडांचा सापळा झाली होती बाई. आमच्या इकडच्या बौद्ध मंडळींतले वडीलधारे त्र्यंबककाका एकदा घरी आले. फार चांगला माणूस. कोणी नावावरून चिडवलं तर म्हणायचे, "नाव छप्पनच्या दीक्षेआधीचं आहे, बापाने ठेवलं. डोकं छप्पनच्या नंतरचं आहे." ते आईला म्हणाले, "ताई, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घेऊ या का? सगळे बसू, त्रिशरण-पंचशील म्हणू."

आई उठून उभी राहिली. "जिवंत माणसाचं पुण्यानुमोदन करतात का हो तुमच्या अमेरिकेत?"

काकांनी चहा तसाच ठेवला. आणि मला मात्र कळून चुकलं की आईचा व्हिसा सप्टेंबरमध्ये संपणार, आणि ती अशीच परत गेली तर बाबांच्या माघारी रिकाम्या पडलेल्या नागपूरच्या त्या घरात दाराकडे बघत बघत मरून जाईल. मला तिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "भूषण गेला" एवढं ऐकायचं होतं. पोटच्या पोराबद्दल असं आईच्या तोंडून ऐकायची इच्छा धरणारी मी. काय दिवस आले होते!

आता लुपेबद्दल सांगते. लुपे आमची शेजारीण. सामोआची. सामोआ म्हणजे पॅसिफिकच्या पार मध्यावरची बेटं. तिथली पुष्कळ माणसं कार्सनला आहेत. लुपे स्कूल बस चालवायची, दांडगी बाई, हसली की कुंपण हलायचं. भूषण तिचा लाडका. ती त्याला "बूदा" म्हणायची, तो तिला "लुपे मावशी", आणि आमच्याकडे जेवून पुन्हा तिच्याकडे जाऊन जेवायचा. चर्चची पक्की. रविवारी पांढरा ड्रेस, पांढरी हॅट, गळ्यात खणखणीत आवाज. पण ऑक्टोपस खायची नाही. का, तर तिच्या आईच्या घराण्याचा देव फार पूर्वी ऑक्टोपसमध्ये राहायचा. "पण तुम्ही ख्रिश्चन ना?" मी एकदा विचारलं. "हो," ती म्हणाली, "दीडशे वर्षांहून जास्त झाली. पण म्हणून देवाला खायचं का?"

भूषण गेला तेव्हा तिच्या घरचे सगळे गात गात आमच्या दारात आले होते. आई आली तेव्हा लुपे पुन्हा आली आणि तिने आईच्या मांडीवर एक चटई ठेवली. आपल्या चटईसारखी नाही हं, कापडासारखी मऊ, इतकी बारीक विणीची. तिच्या आजीने विणलेली. त्यांच्यात मयताच्या घरी तोच मान. मी आईला सांगितलं तसं आईने ती परत तिच्या हातात दिली. "कोण मेलंय इथे? घेऊन जा म्हणावं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लुपेने चटई घडी करून काखेत मारली. "ठीक आहे," म्हणाली, "मी थांबते."

त्यानंतर त्या दोघींची गट्टी कशी जमली, देव जाणे. देव म्हणजे बोलायची रीत. आईला इंग्रजी चार शब्द. एकदा तिन्हीसांजेला मी मागच्या अंगणात केस मोकळे सोडून विंचरत बसले होते, तर कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी एकदम ओरडा. आई मराठीत, लुपे इंग्रजीत, म्हणणं एकच, आत जा, केस बांध! आमच्याकडे बाबांनी हे असलं सगळं मोडीत काढलं होतं आणि आई वरवर हो म्हणत मनात पाळत होती, हे मला त्या दिवशी कळलं. लुपेच्या गावात म्हणे सूर्य मावळला की शंख वाजतो, सगळे घरात बसून प्रार्थना करतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कारण ती वेळ त्यांची असते. "कोणाची?" मी विचारलं. "आइतूंची," ती म्हणाली, "गेलेल्या माणसांची." आई माझ्याकडे बघत होती, काय म्हणते ती म्हणून. मधल्यामध्ये मी दुभाषी. नाइलाजाने मी भुताखेतांच्या गोष्टी भाषांतर करून देत होते आणि बाबा बघत असतील तर काय म्हणतील असं मनात येत होतं. म्हणजे बघा.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही तिघी बसलो होतो. लुपे आईला म्हणाली, "रात्री घराभोवती काही ऐकू येतं का?"

मी विचारलं, "काय ऐकू येणार?"

"आमच्याकडे म्हणतात, ज्याला समुद्राने नेलं आणि ज्याला कोणी पुरलं नाही, तो आपल्या माणसांच्या घराभोवती फिरत राहतो. आणि सारखं म्हणतो, थंडी वाजते, थंडी वाजते."

मला हे सांगायचंच नव्हतं. पण आई माझ्या तोंडाकडे बघत होती, खोटं बोलायला सुचलं नाही. सांगितलं. आई उठली, दाराजवळ गेली, खुंटीवरचा तो हिरवा स्वेटर काढला आणि पोटाशी धरून उभी राहिली. "मी म्हटलं होतं त्याला," म्हणाली, "प्रत्येक फोनवर म्हटलं होतं."

मग लुपेने तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ती लहान असताना ते मासे धरायला होडी घेऊन गेले आणि आले नाहीत. आजीने किनाऱ्यावर तशीच एक चटई अंथरली आणि सगळे बाजूला बसले. असं बसायचं, त्याला बोलवायचं आणि वाट बघायची. काहीतरी जीव चालत येतो. मुंगी, टोळ, पाल, काहीही. झटकून टाकायचा. पुन्हा आला तर तोच. गुंडाळून घरी आणायचा आणि दारासमोर पुरायचा, माणसाला पुरतात तसा. तिच्या वडिलांच्या वेळी एक बारका खेकडा आला. आजही गावात तिच्या घरासमोर पक्की कबर आहे, तिच्यावर बसून पोरं फणसासारखं काहीतरी भाजून खातात. "आत खेकडा आहे," लुपे म्हणाली, "पण आम्ही बाबांनाच भेटायला जातो."

माझं डोकं फिरलं. "हे म्हणजे कावळा शिवायची वाट बघण्यासारखंच झालं!" मी मराठीतच ओरडले. "आई, तू दीक्षाभूमीवर शपथ घेतलीस. श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही. आणि आता किड्यात पोरगा शोधणार?"

"शपथ घेतली तेव्हा मी परकरी पोर होते," आई म्हणाली. "तेव्हा मला मुलगा नव्हता." मग म्हणाली, "आणि श्राद्ध मेलेल्याचं असतं. मी त्याला आणायला चालले. तिला विचार, कोणीच आलं नाही तर?"

मी विचारलं. लुपे म्हणाली, "तर जागा बदलून पुन्हा अंथरायची."

आईच्या डोळ्यांत कधी नव्हे ती चमक आली. मला वाटलं, चला, काहीतरी धरून बसली तर बसू दे. लुपे जाता जाता माझ्या कानात म्हणाली, "आमच्या चर्चच्या पाळकांना सांगू नकोस." मी म्हटलं, "तू आमच्या त्र्यंबककाकांना सांगू नकोस." तिचं घराणं बाटून दीडशे वर्षं झालेली, आमच्या दीक्षेला चाळीस होत आलेली, आणि दोघी चोरासारख्या निघालो.

आईने नागपूरहून भूषणसाठी गोधडी आणली होती. तिच्या जुन्या साड्यांची. वरच्या थरांच्या मध्ये एक पांढरं लुगडं होतं, छप्पन साली दीक्षेच्या दिवशी तिच्या आईने नेसलेलं. लुपेने त्या टाक्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, माझी चटई नको, हीच.

रविवारी तिचं चर्च सुटलं की आम्ही सॅन पेड्रोला जायचो. सुभाष ड्राइव्ह करायचा आणि गाडीत पेपर वाचत बसायचा. खडकांच्या वरच्या अंगाला वाळूचा पट्टा होता, तिथे आई गोधडी अंथरायची. लुपे समुद्राकडे तोंड करून तिच्या भाषेत प्रार्थना म्हणायची. कोणाला उद्देशून, असं मी विचारलं तर म्हणाली, येशूला, आणि त्याच्या मागून हळूच जुन्यांनाही, कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही. हा समुद्र म्हणे तिचाच, दुसऱ्या टोकाला तिच्या घराला लागतो. मेलेली माणसं पश्चिमेकडे जातात, समुद्राखाली त्यांचा देश आहे. "पण नीट निरोप दिला तरच वाट सापडते," ती म्हणाली. मी गाडीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहायची. भाषांतरापुरती खाली जायची.

समुद्रकिनाऱ्यावर कापड अंथरलं तर किडे येणारच की हो! पहिल्याच दिवशी माशा आल्या, वाळूतले उड्या मारणारे बारके किडे आले, एक कोळी आला. आई प्रत्येकाला झटकायची. "हा नाही." पुढच्या रविवारी जागा बदलली. पुन्हा तेच. आणि नवल म्हणजे आई खायला लागली. तोंडावर जरा तजेला आला. शनिवारी रात्रीच डबा भरून ठेवायची, भूषणला आवडतात म्हणून तिखट पुऱ्या. सुभाष म्हणाला, "बघ, बरंच झालं ना?" मलाही वाटलं, बरंच झालं.

मग ऑगस्टमध्ये एका रविवारी मी खाली पाणी द्यायला गेले आणि पाहिलं. एक काळी मुंगी गोधडीवर चढली. आईने झटकली. मुंगी फिरून आली. आईने पुन्हा झटकली. पुन्हा आली. आईने ती दोन बोटांत उचलून लांब खडकावर नेऊन सोडली आणि हात झाडत परत आली. "हा नाही," म्हणाली, आणि हसली. कोणीच आलं नाही, म्हणजे तो गेलेलाच नाही, असा तिचा हिशेब होता. ती भूषणला आणायला येत नव्हती. तो आलेला नाही, याची दर आठवड्याला खात्री करून घ्यायला येत होती.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. लुपेला बाजूला घेऊन मी बोलायचं ते सगळं बोलले. तुझ्यामुळे झालं, तू तिच्या डोक्यात भरवलंस, आता ती मरेपर्यंत मुंग्या झटकत बसेल.

लुपेने ऐकून घेतलं. म्हणाली, "माझी आजीही झटकत होती. दिवसभर. आई झटकणारच. मुलगा गेला हे आईने कसं म्हणायचं?"

"मग तू सांग ना तिला! तुला दिसतंय ना?"

"मी नाही सांगू शकत. आमच्याकडे बहीण आणि भाऊ यांच्यात करार असतो, देवाने घातलेला. बहिणीचा शब्द भावाला मोडता येत नाही. जिवंत असला तरी नाही आणि मेला तरी नाही. माझ्या आजीचा हात माझ्या आत्याने धरला होता. तिने हाक मारली, तेव्हा बाबा आले." मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "इतके रविवार झाले, जागृती. प्रार्थना मी म्हणते. वाट आई बघते. त्याला हाक कोणी मारली?"

मी तिला म्हटलं, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. लुपे म्हणाली, "तुझा नसेल. त्याला ऐकू येण्याशी त्याचा काय संबंध?"

आईचं तिकीट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं होतं. जायच्या आधीच्या रविवारी आम्ही शेवटचं गेलो. हवा अशी स्वच्छ, की कॅटलिना हाताला लागेल. आईने सामान बांधलंच नव्हतं. गोधडी अंथरताना मला म्हणाली, "सुभाषरावांना सांग, व्हिसा वाढवता येतो का बघा."

मी वर गाडीकडे गेले नाही. आईशेजारी वाळूत बसले. लुपेची प्रार्थना झाली. ऊन उतरायला लागलं आणि वारा सुटला. एक किडा आला, तपकिरी, नखाएवढा. नाव मला माहीत नाही, आणि नंतर मी ते शोधलंही नाही. आईने झटकला. तो वाळूत उताणा पडला, पाय हलवत सरळ झाला आणि पुन्हा गोधडीकडे निघाला. आईने झटकला. तो पुन्हा निघाला. आईच्या तोंडाचं पाणी पळालं. तिने या खेपेला जोरात टिचकी मारली आणि तो कुठे उडाला ते दिसलंच नाही.

मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी उठले. समुद्राकडे तोंड केलं. लाजेने माझे कान तापले होते, खाली एक अमेरिकन जोडपं कुत्रं फिरवत होतं, तरी मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ओरडायची तशी खच्चून ओरडले.

"भूषण्याऽऽ! घरी ये!"

आवाज फाटला. पुन्हा ओरडले. "पुरे झालं आता! घरी ये रे!" आणि तिथे, उभ्या उभ्या, जानेवारीपासूनचं सगळं रडू बाहेर आलं. मेला माझा भाऊ. मेला तो. मला तो पाहिजे होता आणि तो मेला होता. हे मी तरी कधी म्हटलं होतं? आईच्या तोंडून ऐकायला निघाले होते, आणि माझ्याच तोंडून निघालं नव्हतं.

खाली बसले तेव्हा तो किडा गोधडीवर होता. तोच की दुसरा, मला विचारू नका. किनारा आहे, किडे असतात, मला कळतं. तो टाक्यांच्या ओळीवरून हळूहळू चालत कडेला गेला, जिथे गोधडीची दुमड पडली होती, आणि डोकं आधी घालून तिच्या आत शिरला. मागचे पाय तेवढे बाहेर राहिले. भूषण असाच झोपायचा. डोक्यावरून पांघरूण आणि पाय उघडे. जर्सी सिटीच्या थंडीतसुद्धा असाच.

आईचा हात उठला. मी तो धरला.

"राहू दे आई," मी म्हटलं. "दमलाय तो."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग दुमडीकडे पाहिलं. किती वेळ कोणास ठाऊक. मग तिने हात सोडवून घेतला आणि दुमडीचं टोक उचलून त्या उघड्या पायांवर हळूच ओढलं.

"स्वेटर का नाही घातलास रे बाळा," आई म्हणाली, आणि मग ती रडली. लुपेने आम्हा दोघींना आपल्या त्या एवढ्या मोठ्या हातांत घेतलं आणि गायला लागली.

गोधडी तशीच गुंडाळून आईने मांडीवर घेतली, घरापर्यंत. सुभाषने गाडी इतकी सावकाश चालवली की मागचे हॉर्न देत होते. मी त्र्यंबककाकांना फोन केला. ते आले तेव्हा मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडाजवळ, सुभाष खड्डा खणत होता. काकांनी आईच्या हातातल्या गुंडाळीकडे बघितलं.

"काय आहे ताई हे?"

"भूषण," आई म्हणाली. "गेला तो, भाऊ. जानेवारीतच गेला."

मी म्हटलं, आता काका आम्हाला फैलावर घेणार. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, चपला कडेला काढून ठेवल्या आणि हात जोडून म्हणाले, "चला, त्रिशरण घेऊ."

आईने हिरवा स्वेटर गोधडीवरून गुंडाळला. लुपेने आपल्या घरी जाऊन तिच्या आजीची चटई आणली आणि आईपुढे धरली. या वेळी आईने ती घेतली. इतकी जपलेली, पिढ्यांची वस्तू मातीत घालवायला माझं मन होईना. पण लुपे म्हणाली, "थांबते म्हटलं होतं ना मी?" खाली तिची चटई, वर आमची गोधडी. आधी बुद्धं सरणं, मग तिचं चर्चचं गाणं.

आई ठरलेल्या तिकिटावर गेली. निघताना मी तिला विचारलं, त्याला नागपूरला न्यायचं का. "नको," म्हणाली. "तुझ्या हाकेला आलाय. तुझ्या दारात राहू दे." आता रविवारी फोन करते तेव्हा आधी लिंबाला फळ धरलं का विचारते आणि मग माझी चौकशी करते.

हे सगळं आज सांगायचं कारण, गेल्या आठवड्यात सुभाषला कॅरीला मोठी ऑफर आली. नॉर्थ कॅरोलायना. आपली किती माणसं तिकडे चाललीत, घरं मोठी, शाळा चांगल्या. तो दोन दिवस मला समजावत होता आणि मी नाही म्हणत होते. कारण विचारलं की माझ्याकडे कारण नव्हतं. शेवटी तो वैतागला. "अगं, या घरात असं काय पुरून ठेवलंयस तू?"

बोलला आणि त्याने स्वतःच जीभ चावली.

माझा आत्म्यावर विश्वास नाही. मी सुभाषला तेच म्हटलं. म्हटलं, मला माहीत आहे तिथे काय आहे. एक किडा, एक गोधडी, एक स्वेटर, आणि आता तेही नसेल. सगळी माती झाली असेल. "पण मी त्याला घरी ये म्हटलं होतं रे," मी म्हटलं. "आणि तो आला. आता घर सोडून मीच कशी जाऊ?"

सुभाषने थोडा वेळ खिडकीतून लिंबाकडे पाहिलं. मग उठला, फोन लावला आणि ऑफर कॅन्सल केली.